घासलेला नंबर

पन्नासच्या दशकात आमच्या सिंदीत ट्रक मोजकेच होते, आणि त्यातला एकही कंपनीतून कोरा आलेला नव्हता. सगळे लढाईतले. लढाई संपल्यावर मिलिटरीनं आपल्या गाड्या नागपुरात लिलावात काढल्या, तेव्हा ज्यांच्यात हिंमत होती त्यांनी त्या घेतल्या. डिस्पोजलची गाडी म्हणत त्यांना. अशा गाडीचं इंजिन बसलं की दुसरीचं काढून लावायचं, केबिन चेपली की तिसरीची आणायची. काही वर्षांत गाडीत मूळचं काय उरलं आहे हे मालकालाही छातीठोकपणे सांगता येत नसे. माझा नवरा म्हणायचा, "चालते न? मग आपलीच हाय."

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायची. इथे लिहिताना 'तो' म्हणते आहे, कारण आता माझं वय झालं आणि तो माझ्याहून कितीतरी लहान राहिला.

ज्या वर्षी तो गेला त्या वर्षी गणपती उठले आणि तो तापानं पडला. सर्वपित्रीच्या आत सगळं आटोपलं. घरात सासू आणि मी. मूलबाळ नाही, शेताचा तुकडा नाही. होता तो एक ट्रक, जिनिंगच्या आवारात चिंचेखाली उभा. कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. गावोगावचा कापूस जिनिंगात आणायचा आणि गाठी रेल्वेवर नेऊन टाकायच्या, हे आमचं पोट. नवरा स्वतः गाडी चालवायचा. त्याच्यासोबत सुरुवातीपासून एक जोडीदार होता, क्लीनर म्हणून आलेला आणि पुढे पक्का ड्रायव्हर झालेला. नवऱ्याला तो दादा म्हणायचा, वयानं मोठा असून. आदल्या वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन तो धम्माची दीक्षा घेऊन आला होता. तेव्हापासून दारू सोडली होती आणि बोलणंही निम्मं कमी केलं होतं.

आंजीहून माझा भाऊ आला. सासूसमोरच म्हणाला, "बाई, तू चाल आता घरी. गाडी इकून टाकू. ह्या मावशीलेबी घेऊन चाल."

माझ्या भावाचं घर चांगलं होतं. भावजय त्याहून चांगली. म्हणूनच मला तिथे जायचं नव्हतं. वाईट माणसांशी भांडून तरी राहता येतं. चांगल्या माणसांच्या घरात मान खाली घालून दोन घास गिळायचे, आणि जन्मभर 'बिचारी' म्हणवून घ्यायचं, हे माझ्या स्वभावाला झेपलं नसतं. लहानपणापासून मी तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही. खरंच होतं ते.

मी दारातल्या जोडीदाराकडे बोट दाखवून भावाला सांगितलं, "गाडी माझ्या नावावर करते. हे चालवतील, भाडं मी पाहीन."

भावाला हसू आलं. सासूला नाही आलं. ती सुपातले तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "काऊन हासून राह्यला बाप्पा? तिले ट्रक हाकलाले थोडी जायचं हाय? हिशोब तं तिलेच येते घरात." भाऊ चहा पिऊन गेला.

नावावर करायची म्हणजे नागपूरहून मोटार इन्स्पेक्टर येणार आणि गाडी तपासणार. हंगामाच्या आधी ते एकदा यायचेच. जिनिंगच्या आवारात सगळे ट्रक उभे करत, ब्रेक बघत, दिवे बघत, सही करून जात. त्या वर्षी दिवाळी संपल्यावर आले. अंगात खाकी सदरा, पायात झिजलेल्या चपला, आणि हातात स्वतःची पिशवी. पिशवीत तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली, पातळ कागद आणि शिसपेन्सिल. मला वाटलं होतं, साहेब खुर्चीवर बसून कागद मागेल. या माणसानं गोणपाट मागितलं, गाडीखाली अंथरलं आणि उताणा झाला. मला तो तेवढ्यावरच बरा वाटला.

पण बरा वाटणं वेगळं आणि सही मिळणं वेगळं. आधी त्यांनी केबिनमध्ये डोकावून पितळी पाटीवरचा नंबर वाचला. मग आमचं आर.सी. बुक उघडलं. पुन्हा पाटी, पुन्हा बुक.

"केबिन बदललीय का?"

जोडीदार म्हणाला, "हो जी. केळझरच्या वळणावर उलटली होती मांगच्या साली. नागपूरहून दुसरी आणून बसवली."

"म्हणजे पाटी त्या केबिनबरोबर आली. ही तुमच्या गाडीची नाही. इंजिन?"

"तेबी दुसरं."

"ते दिसतंय. बुकात नोंद आहे." ते वैतागले नाहीत. "मग चेसिसवर पाहू. खरा नंबर तिथेच असतो."

चेसिस म्हणजे गाडीच्या तळाचे दोन लांब लोखंडी दांडे. बाकी सगळा संसार त्यांच्यावर उभा असतो. इंजिन बदललं, केबिन बदलली, चाकं बदलली तरी गाडी तीच. चेसिस बदलली तर ती गाडी मेली आणि दुसरी जन्मली, असा हिशेब. म्हणून कंपनी चेसिसच्या पोलादातच नंबर ठोकते. आमच्या गाडीला तो डाव्या दांड्यावर, पुढच्या चाकाच्या वर होता. असायला हवा होता, असं म्हणू.

त्यांनी बोनेट उघडायला लावलं, रॉकेल ओतलं आणि ब्रश घासला. काळं चिकट वंगण खाली ओघळायला लागलं. आम्ही तिघं भोवती उभे. सासू बाहेरच्यांसमोर पदर तोंडाशी धरायची, पण पाहायचं काही सोडायची नाही. घासता घासता साहेबांचा हात थांबला.

"इथे कानस मारलीय कोणीतरी," ते म्हणाले. "नंबर घासून काढलाय."

मग फडक्यानं ती जागा पुसली, वाकून पाहिलं, आणि माझं नाव वाचलं.

नुसतं माझं नाव. पहिलं. पुढे नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. मला वाटलं ते मलाच हाक मारताहेत. मी 'जी' म्हटलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या जागेकडे.

"हे कोणाचं नाव आहे?"

मी पुढे होऊन पाहिलं. लोखंड घासून आरशासारखं सपाट केलेलं, आणि त्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेली मराठी अक्षरं. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यांवर असतात तशी. आंदणात आलेली घागर असो नाहीतर साधी वाटी, तिच्यावर नाव घातलेलं असायचंच. चार घरची भांडी एका लग्नात पंगतीला जायची, नाव असलं की ती आपल्या घरी परत यायची. बाजाराच्या दिवशी नाव घालणारा झाडाखाली छन्नी-हातोडी घेऊन बसायचा, त्याच्याकडे न्यायचं भांडं. आमच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर सासूचं नाव होतं, काहींवर माझ्या आईचं. माझं कशावरही नव्हतं.

जोडीदाराचा चेहरा उतरला होता. तो साहेबांशी बोलत होता, पण पाहत माझ्याकडे होता. "दादानं केलं, साहेब. भादव्यात गाडी उभीच होती. लोहाराकडून कानस आणून जागा साफ केली, अन् त्या भांडेवाल्याले इथंच घेऊन आला. त्याची छन्नी मोडली, दुसरी देल्ली, तरी करूनच घेतलं. मले म्हणे, कोणाले सांगू नोको. पाडव्याले वहिनी ओवाळतीन, तवा बोनेट उघडून दाखवतो म्हणे."

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताटात ओवाळणी टाकतो. त्या वर्षीचा पाडवा आमच्याकडे झालाच नव्हता. त्या दिवशी सासू अन् मी भिंतीला टेकून बसलो होतो.

मला काय वाटलं ते क्रमानं सांगते. आधी लाज वाटली, कारण परक्या पुरुषासमोर माझं नाव उघडं पडलं होतं. आमचं लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अवं', 'ऐकलं का', फार लाडात आला तर 'अवं ऐकलं का'. मला कधी कधी शंका यायची, याला माझं नाव माहीत तरी आहे का! आणि या माणसानं ते पोलादात ठोकून घेतलं होतं, छन्नी मोडेपर्यंत. मग मला आनंद झाला. इतका झाला, की त्याची मला भीती वाटली.

तेवढ्यात साहेबांचं बोलणं कानावर आलं.

"बाई, तुमचं सगळं खरं असेल. पण घासलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी, असं आमच्याकडे धरतात. चोर आधी इथेच घासतो. बुकात एक नंबर, पाटीवर दुसरा, चेसिसवर काहीच नाही. मी सही कशावर करू? तुमच्या नावावर?"

मेलेल्या माणसावर चिडता येतं, हे मला त्या क्षणी कळलं. मनातल्या मनात मी पहिल्यांदाच त्याला एकेरीवर बोलले. गाढवा, म्हटलं, तुला दुसरी जागा मिळाली नाही? एवढा मोठा ट्रक, माल भरायच्या हौद्याच्या फळ्या होत्या, दार होतं, बंपर होता. जिथे गाडीचं कूळ लिहिलं आहे तेच खरवडून तू माझं नाव घातलंस? तुला घागर आणि ट्रक यातला फरक कळला नाही? पाटीवर नंबर आहे ना, मग हे जुने खरचटे कशाला हवेत, असंच वाटलं असणार त्याला. सपाट, छान, मजबूत जागा दिसली आणि याचा जीव जडला तिच्यावर. माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. कोणाला, ते माहीत नाही.

मी साहेबांना विचारलं, "हा नंबर आणखी कुठे असतो का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "या जातीच्या गाडीला कंपनी एकाहून जास्त जागी नंबर ठोकते, असं ऐकून आहे. नागपुरात एक भंगारात खोलली होती, तिच्या केबिनखाली मी स्वतः पाहिलाय. सगळ्यांना असतोच असं नाही. आणि केबिन उचलल्याशिवाय दिसत नाही."

"मग उचलतो."

"उचला. माझी पुढची फेरी होईपर्यंत गाडी इथून हलवायची नाही. नंबर सापडला तर ठीक. नाही सापडला तर मला ती वर्ध्याला ओढून न्यावी लागेल, आणि मग पोलीस बघतील." हे त्यांनी धमकी म्हणून नाही सांगितलं. उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं सांगितलं, आणि पिशवी उचलून दुसऱ्या ट्रककडे गेले.

घरी आल्यावर सासू चुलीशी बसली. चूल पेटवली, भाकरी थापली, आणि तवा उतरवल्यावर म्हणाली, "माह्या पोरानं आजपर्यंत मले एक चमचा नाई आणला नाव घालून." मी वर पाहिलं तर ती डोळे पुसत होती, आणि हसतही होती. आम्ही दोघी मग पोटभर जेवलो. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. हंगाम लागला होता. जिनिंगात बैलगाड्यांची रांग लागायची, बाकीचे ट्रक धुरळा उडवत जायचे-यायचे, आणि आमचा ट्रक चिंचेखाली अंग सैल सोडून बसलेला. माणसं येता-जाता टोमणे मारत. एक म्हणाला, "काय वो, ट्रकचं न्हाणं काढलं का?" मी म्हटलं, "हो, तुह्यावाल्या बैलालेबी आण, धुऊन देतो." मी बोलताना पुरुषासारखी बोलते म्हणून नावं ठेवायचे, ते तेव्हापासून.

केबिनचे बोल्ट गंजून लोखंडात लोखंड मुरलेलं. जोडीदारानं त्यांना रॉकेल पाजलं, ठोकलं, पुन्हा पाजलं. काही निघाले, काही कापावे लागले. करवतीचं पातं मी धरायची, तो ओढायचा. माझ्या हाताला फोड आले, ते फुटले, मग तिथे घट्टे पडले. उचलायला यंत्र कुठलं? विहिरीचा गाळ काढणारी माणसं गावात होती. त्यांची सागवानी तिवई आणि चाक मागून आणलं. तिवई केबिनच्या भोवती पाय रोवून उभी केली, दोर ओवला आणि दोराचं टोक बैलजोडीला बांधलं. कुणीतरी नारळ आणला. जोडीदाराला म्हणाले, फोड. तो म्हणाला, "तुमी फोडा, मी नट पाह्यतो," आणि पान्हा घेऊन गाडीखाली शिरला. नारळ मग सासूनं फोडला.

बैल चालले, चाक करकरलं, आणि केबिन वीतभर उचलली. ओंडके सारले, आणखी उचलली. मी खाली शिरून डाव्या दांड्यावर ब्रश मारला. तिथे लोखंड उरलंच नव्हतं म्हणायचं. वर्षानुवर्षं केबिनच्या फटीतून पाणी झिरपून दांड्याचं वरचं साल गेलेलं. हात फिरवला की पापुद्रे निघत. नंबर असेलही कधीकाळी. आता नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा सगळ्यांना माझ्या तोंडावरून कळलं. बैलवाल्यानं न विचारताच दोर सोडायला घेतला.

संध्याकाळी भाऊ आला. त्याला कुणी कळवलं कोण जाणे, वाईट बातमीला पाय फार. तो ओट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, झालं न आता? सामान बांध."

मला त्याचा राग नाही आला. तो माझ्यासाठीच आला होता. पण 'झालं' या शब्दाचा राग आला. मी जोडीदाराकडे वळले. तो अंगणात हात धूत होता. "केबिनखाली एक जागा. आणखी जागा असतील तर कुठे असतील?"

"हौद्याखाली, वहिनी. पण हौदा लय जड हाय. सागवानी हाय सगळा."

"बैल दोनऐवजी चार लावू."

"अन् तिथीबी नसला तं?"

"तर गाडी हौद्याशिवाय वर्ध्याला जाईल. त्यांना ओढायला हलकी पडेल."

जोडीदार माझ्याकडे पाहतच राहिला आणि मग हसला. दीक्षेनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. भाऊ तसाच बसून होता. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे आता तो मुक्कामाला राहणार. म्हणाला, "माह्यी जोडी आणतो उद्या. तुह्या गावच्या बैलाईत जीव नाई."

हौदा उचलायला गाव जमलं. गाव जमलं ते मदतीला कमी आणि मजा पाहायला जास्त, पण दोर ताणताना मजा पाहणारेही हात लावतातच. हौदा आणि दांडा यांच्यामध्ये लाकडाची लांब पट्टी असते, लोखंडावर लाकूड थेट आदळू नये म्हणून. आमची पट्टी तेल-वंगण पिऊन पिऊन कोळशासारखी काळी झालेली. हौदा उचलल्यावर जोडीदारानं ती पहारीनं उचकटली. मी वाकून खालचं लोखंड पाहिलं. गंज नाही. मिलिटरीचा हिरवा रंग जसाच्या तसा, ओला वाटावा असा.

मी नारळाच्या काथ्यानं रॉकेल लावून घासायला बसले. जोडीदार म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, हात लावू नका. मागच्या चाकापासून पुढे सरकत आले. पुष्कळ वेळ नुसता रंग. मग बोटाला काहीतरी लागलं. डोळ्यांच्या आधी बोटाला. एक खाच, तिच्या शेजारी दुसरी.

इंग्रजी आकडे मला येत होते. नवऱ्यानंच शिकवले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायला लावून. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, आणि जोडीदारानं बुकावर बोट ठेवून एकेक जुळवला. प्रत्येक आकड्याला तो 'हाय' म्हणायचा. हाय. हाय. हाय. भोवतीची माणसंही त्याच्याबरोबर म्हणायला लागली. शेवटून दुसऱ्या आकड्याशी मी अडले. एका बाजूनं लोखंड दबलं होतं. तीन म्हणावा तर तीन, आठ म्हणावा तर आठ.

"बुकात काय हाय ते सांगू का?" जोडीदारानं विचारलं.

"नाही," मी ओरडले. "आधी मला दिसू दे. साहेब काय बुक पाहून वाचणार आहे?"

सासू पुढे आली. कमरेची चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्या आकड्यावर लिंपला. मग पदरानं वरच्यावर पुसून घेतला. खाचेत चुना राहिला, बाकीचा गेला. आकडा पांढरा होऊन वर आला. दोन्ही बाजूंनी बंद, दोन पोटांचा.

"आठ," मी म्हटलं.

"हाय," जोडीदार म्हणाला, आणि बुक मिटून कपाळाला लावलं.

साहेब फेरीला आले तेव्हा गाडी कणीस सोलावं तशी सोललेली, केबिन एका ओंडक्यावर, हौदा दुसऱ्यावर. त्यांनी चष्मा पुसला. खाली वाकून तो नंबर पाहिला, भिंगानं पाहिला, नखानं टोकरला. मग पातळ कागद त्यावर दाबून धरला आणि आडवी शिसपेन्सिल फिरवली. कागदावर एकेक आकडा उमटत गेला. मी त्यांच्या हाताकडे पाहत एकेक आकडा मनात म्हणत होते.

"कंपनीचाच ठोका आहे," ते म्हणाले. "गाडी तुमची आहे, बाई." आणि वर, "मी आजवर कोणी हौदा उचललेला पाहिला नाही. लोक मला चहा पाजतात आणि जाऊ द्या म्हणतात."

सासू म्हणाली, "चहा तं आमीबी पाजतो. सही झाल्यावर."

सही झाली नाही लगेच. साहेब पुढच्या चाकाशी गेले आणि म्हणाले, "एक राहिलं. नियमानं नंबर या जागी दिसला पाहिजे. रस्त्यात कोणी तपासलं तर तो काही हौदा उचलून बघणार नाही. मी नंबर ठोकण्याचा हुकूम देतो, माझ्यासमोर ठोकून घ्या. पण जागा साफ पाहिजे. नंबराच्या जागी दुसरं काही चालत नाही."

म्हणजे काय ते मला समजलं. सगळ्यांनाच समजलं. जोडीदार म्हणाला, "साहेब, बाजूनं थोडी जागा हाय. तिथी ठोकू."

साहेबांनी पाहिलं. खरंच पाहिलं, टाळलं नाही. "पुरत नाही," ते म्हणाले. "आणि पुरली तरी उद्या दुसरा इन्स्पेक्टर हे घासलेलं बघेल आणि पुन्हा गाडी उभी करेल. दर वर्षी हौदा उचलणार का?"

कुणी माझ्याकडे बघेना. भाऊही जमिनीकडे बघत होता. मी जोडीदारापुढे हात केला. "कानस द्या."

"वहिनी, मी करतो न."

"द्या म्हटलं ना."

त्यानं कानस दिली, पण सोडली नाही. दुसऱ्या टोकाला तो, या टोकाला मी. "साहेबाकडून तो कागद घेऊ का वहिनी? पेन्सिल फिरवून घेऊ. नाव तं राहीन तुमच्यापाशी." त्याचं बोलणं संपायच्या आधीच साहेबांनी कागद फाडून पुढे केला होता.

मी त्या कागदाकडे पाहिलं. हात पुढे गेलाही होता. मग म्हटलं, "नको. जिनं वाचायचं होतं तिनं वाचलं."

आणि घासायला लागले. भांडेवाल्यानं ठोके खोल मारले होते. त्याच्यामागे उभं राहून कोण 'आणखी जोरात' म्हणत असेल ते मला माहीत होतं. टिंबं सहजी जाईनात. मी दोन्ही हातांनी जोर लावला. अक्षरामागून अक्षर जात होतं आणि मी रडत होते. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तो गेला तेव्हा मला असं रडू आलं नव्हतं. हात मात्र थांबवला नाही, कारण संध्याकाळच्या आत नंबर ठोकून केबिन आणि हौदा बसवायचा होता, आणि सकाळी जोडीदार केळझरला जाणार होता, कापूस भरायला.